कमाल दराचं किमान ज्ञान

ब्रिटनमध्ये वर्षातून चार वेळा एक आकडा जाहीर होतो आणि त्या दिवशी अख्खा देश हिशेबाला बसतो. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर सरत आला की एका सकाळी सात वाजता ‘ऑफजेम’ ही वीज आणि गॅसच्या बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था पुढच्या तिमाहीची ‘प्राइस कॅप’ सांगते. सव्वासातला टीव्हीवरची वार्ताहर कुणाच्या तरी दिवाणखान्यात रेडिएटरवर हात ठेवून उभी असते. (रेडिएटर गार आहे की गरम, हे तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.) आठच्या सुमाराला तज्ज्ञ येतात. हे लोक आधीपासून आकड्याचं भाकीत करत असतात आणि कॉर्नवॉल इनसाइट नावाच्या सल्लागार कंपनीचं शेवटचं भाकीत तर बहुधा इतकं जवळ जातं, की खरा आकडा आल्यावर नवीन असं काही कळत नाही. फक्त वाईट वाटून घ्यायला अधिकृत परवानगी मिळते.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चा आकडा होता १,७५५ पौंड. पेपरांचे मथळे ठरलेले : घरगुती बिलांवर १,७५५ पौंडांची मर्यादा. हे वाचून कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल की चला, आता वर्षभर बॉयलर धडाडू दे, टबात गळ्यापर्यंत गरम पाणी घेऊन बसू, सतराशे पंचावन्नच्या वर एक पेनी द्यायची नाही. असं वाटून घेणाऱ्यांत आमची शेजारीण आहे, आमच्या ऑफिसातले दोन चार्टर्ड अकाउंटंट आहेत आणि एक माजी पंतप्रधानही आहेत. ८ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांनी संसदेत वीजबिलांना आळा घालणारी योजना मांडली. नेमक्या त्याच दिवशी राणी एलिझाबेथ गेल्या, त्यामुळे योजनेतला बारीक मजकूर वाचायला देशाला सवड झाली नाही. बहुधा बाईंनाही नसावी. कारण त्याच महिनाअखेरीला रेडिओवर त्यांनी सांगून टाकलं, की कुणालाही अडीच हजार पौंडांच्या वर बिल येणार नाही. खरं-खोटं तपासणारी मंडळी धावत आली, म्हणाली, असं नाहीये हो. मर्यादा बिलाला नव्हतीच. बाईंच्या कारकिर्दीला मात्र निघाली. ती पन्नास दिवसांच्या आत आटोपली.

तर प्रकार असा. मर्यादा असते ती दरावर. रिक्षाच्या मीटरचा दर सरकार ठरवून देतं, पण तुम्ही स्वारगेटला उतरता की तीच रिक्षा पुढे महाबळेश्वरला नेता, ते सरकार बघत नाही. तसंच हे. ऑफजेम सांगतं, की एका युनिटला कंपनीनं जास्तीत जास्त इतके पेन्स घ्यावेत आणि रोजचा स्टँडिंग चार्ज जास्तीत जास्त इतका लावावा. त्या तिमाहीत देशाची सरासरी होती विजेला युनिटमागे २६.३५ पेन्स आणि गॅसला ६.२९. पुढं तुमचा हात किती सैल, त्यावर बिल.

मग हे १,७५५ कुणाचं? ते आहे ‘टिपिकल’ कुटुंबाचं. हे कुटुंब वर्षाला २,७०० युनिटं वीज आणि ११,५०० युनिटं गॅस जाळतं, एक कमी नाही, एक जास्त नाही. डायरेक्ट डेबिटनं वेळच्या वेळी पैसे भरतं. त्यांच्याकडे कधी पाहुणे राहायला येत नाहीत, रात्रीतून पोराला ताप येऊन हीटर लावावा लागत नाही, आणि सासूबाई हळदीचे डाग काढायला तीच चादर नव्वद अंशांवर दोनदा धूत नाहीत. राजघराण्याखालोखाल या देशात सर्वांत जास्त चर्चा याच कुटुंबाच्या खर्चाची होते. फरक एवढाच, की राजघराण्यातलं कुणी ना कुणी कधी तरी दिसतं.

या कुटुंबाचा खरा माग काढायचा प्रयत्न केला तो आमच्या सासऱ्यांनी. अण्णांची अख्खी नोकरी वीज मंडळाच्या साताऱ्याच्या कार्यालयात बिलांच्या टेबलावर झाली. मंडळाच्या कंपन्या झाल्या त्याच्या थोडं आधी ते निवृत्त झाले, आणि ‘महावितरण’ हा शब्द ते अजूनही लग्नानंतर नाव बदललेल्या पुतणीसारखा उच्चारतात. २०२५ च्या ऑक्टोबरात ते रेडिंगला आमच्याकडे आले. विमानतळावरून घरी आल्यावर माणसं आधी बाथरूम कुठं आहे ते विचारतात. अण्णांनी विचारलं, “मीटर कुठाय?”

मीटर जिन्याखालच्या कपाटात होतं. व्हॅक्युम क्लीनर, छत्र्या आणि मागच्या घरमालकानं ठेवून दिलेले रंगाचे डबे बाजूला सारून अण्णा टॉर्च घेऊन आत शिरले आणि बऱ्याच वेळानं गुडघे झटकत बाहेर आले. “सिंगल फेज,” त्यांनी जाहीर केलं. “सील शाबूत आहे.” चेहऱ्यावर समाधान होतं. मग बिल मागितलं. मी फोनवर दाखवलं. त्यांनी ते कागदावर मागितलं. कागदावर आल्यावर चष्मा बदलून, पेन्सिल घेऊन, पहिल्या ओळीपासून.

“पहिल्या शंभर युनिटांना स्वस्त दर कुठाय?”

“तसं नसतं इथं, अण्णा. सगळ्या युनिटांना एकच दर.”

“पहिल्या युनिटाला आणि तीन हजाराव्या युनिटाला एकच भाव?” अण्णांनी चष्मा काढला. महाराष्ट्रात शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पाचशेच्या वर गेलात तर तुमचं तुम्ही बघा, अशी चढती भाजणी असते. गरिबाला सोसावं, एसीवाल्याला टोचावं. ही भाजणी ज्या माणसानं आयुष्यभर हातानं मांडली, त्याला हा सपाट दर म्हणजे निव्वळ बेशिस्त वाटली. मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. २,७०० भागिले बारा, दोनशे पंचवीस. “म्हणजे तुमचं ते टिपिकल कुटुंब आपल्याकडं दुसऱ्या टप्प्यात बसतंय. मध्यमवर्गीय आहेत बिचारे.” त्यांच्याबद्दल अण्णांना तेव्हापासून जी आपुलकी वाटू लागली, ती शेवटपर्यंत टिकली.

वीज शुल्काच्या जागी इथं पाच टक्के व्हॅट आहे, हे बघून मात्र ते खूश झाले. महाराष्ट्रात घरगुती वापराला सोळा टक्के वीज शुल्क लागतं. “एवढी एक गोष्ट बरी केलीय यांनी.”

गॅसपाशी गाडी अडली. इथं गॅसचं मीटर घनमीटर दाखवतं आणि बिल येतं युनिटांत, म्हणजे किलोवॉट-तासांत. मधला प्रवास बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेला असतो : घनमीटरांना १.०२२६४ नं गुणा, मग त्या महिन्यातल्या गॅसच्या उष्मांकानं गुणा, जो ३९-४० च्या आसपास असतो, मग ३.६ नं भागा. जुनं मीटर असलं तर ते शेकडा घनफुटांत मोजतं, त्यामुळे या सगळ्याच्या आधी २.८३ नं गुणा. मी या देशात राहायला आल्यापासून एकाही माणसानं हे पान उलटल्याचं पाहिलेलं नाही. अण्णांनी उलटलं, गणित केलं, उत्तर बिलाशी जुळलं, तेव्हा त्यांनी बिलावर पेन्सिलीनं एक बरोबरची खूण केली. मग त्यांच्या डोक्यात सिलिंडर आला. आपला घरचा सिलिंडर १४.२ किलोचा, त्यातली उष्णता युनिटांत मांडली तर दोनशेच्या थोडी खाली येते. ११,५०० युनिटांचे किती?

“साठ,” अण्णा म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बघत राहिले. “वर्षाला साठ सिलिंडर? एवढं शिजवता काय तुम्ही?”

शिजवत नाही, भिंती तापवतो, हे त्यांना पटायला नोव्हेंबर उजाडावा लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ते रेडिएटरला पाठ लावून पेपर वाचताना दिसले.

स्टँडिंग चार्जचा शोध त्यांना रात्री लागला. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक छोटा पडदा आहे. स्मार्ट मीटरबरोबर मिळतो तो. आज किती पैशांची वीज जळली, ते तो दाखवतो. वापर थोडा असला की हिरवा दिवा, मग पिवळा, आणि तीन किलोवॉटची किटली लावली की तो असा लालबुंद होतो की पाहुण्याला पुढचा चहा मागायची हिंमत होऊ नये. (तीन मिनिटं किटली चालली तर खर्च चारेक पेन्स. इतक्या कमी पैशात इतका अपमान दुसरीकडे कुठं मिळत नाही.) अण्णांची झोप अजून भारतीय वेळेवर होती. मध्यरात्री ते पाणी प्यायला उठले. घरात सगळीकडे अंधार, फ्रिजसुद्धा मघाशीच घुरघुरून गप्प झालेला. पडद्यावर नवा दिवस सुरू झाला होता. बारा वाजून एक मिनिट. आजचा खर्च, अठ्ठ्याऐंशी पेन्स.

दुसऱ्या रात्री खात्री करायला ते मुद्दाम जागे राहिले. सकाळी चहाच्या वेळी कागद माझ्यापुढं सरकवला. “सूनबाई, या घरात रोज बाराच्या ठोक्याला कोणी तरी येऊन ८८ पेन्स उचलून नेतंय.”

आता हे ८८ पेन्स म्हणजे काय, ते सांगते, कारण ते ज्याला कळलं त्याला अर्धं बिल कळलं. त्या तिमाहीत विजेचा सरासरी स्टँडिंग चार्ज रोज ५३.६८ पेन्स आणि गॅसचा ३४.०३. दोन्ही मिळून वर्षाला ३२० पौंड. म्हणजे त्या मध्यमवर्गीय कुटुंबानं घराला कुलूप लावून वर्षभर काशीयात्रा केली, तरी १,७५५ पैकी ३२० द्यावेच लागतात. तारा, खांब, जमिनीखालचे पाइप, मीटर, बिलं पाठवणं, गरजूंना दिली जाणारी काही सवलत, असा सगळ्यांनी मिळून उचलायचा खर्च त्यात धरलेला असतो. आपल्याकडच्या बिलातही ‘स्थिर आकार’ असतोच, त्यामुळे तत्त्वाला अण्णांची हरकत नव्हती. हरकत होती ती रोजच्या आकारणीला. “महिन्याचा लावा की. रोजचा? तोही पेन्सच्या पुढं दोन दशांश स्थळांपर्यंत? या हिशेबाला माणसं किती बसवलीत?”

त्यात आणखी गंमत म्हणजे हा आकार गावागणिक वेगळा. ग्रेट ब्रिटनचे चौदा विभाग पाडलेत. विजेचा स्टँडिंग चार्ज लंडनमध्ये सर्वांत कमी आणि उत्तर वेल्स-मर्सीसाइडकडे सर्वांत जास्त. कारण सरळ आहे : लंडनमध्ये एका तारेवर माणसं दाटीवाटीनं लटकलेली, आणि वेल्सच्या डोंगरात एका शेतकऱ्यासाठी मैलभर तार. म्हणजे जिथं पगार जास्त तिथं आकार कमी. उत्तर आयर्लंडला तर ही कॅप लागूच नाही. त्यांचा नियामक वेगळा, कारभार वेगळा.

पण अण्णांना खरा धक्का बसला तो दिवाळखोरांच्या गोष्टीनं. २०२१ च्या उत्तरार्धात जगभर गॅसचे भाव भडकले. कॅपमुळे कंपन्यांना घरगुती दर लगेच वाढवता येईनात. त्या आधीच्या काही वर्षांत इथं वीज-गॅस विकणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. त्यातल्या पुष्कळांकडे स्वतःचं वीजकेंद्र सोडा, दोन महिने पुढची खरेदीसुद्धा करून ठेवलेली नव्हती. स्वस्तात घेऊन स्वस्तात विकायचं आणि वेबसाइटवर हसरा चेहरा लावायचा, एवढंच भांडवल. काही महिन्यांत तीसेक कंपन्या आडव्या झाल्या. त्यांची गिऱ्हाइकं उरलेल्या कंपन्यांच्या गळ्यात घातली, आणि त्यात जो खर्च झाला तो कुणाच्या माथी? एप्रिल २०२२ ला विजेचा सरासरी स्टँडिंग चार्ज रोज पंचवीसेक पेन्सवरून एकदम पंचेचाळीसवर गेला. वाढीतला मोठा हिस्सा या क्रियाकर्माचा होता. अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मंडळाच्या थकबाकीच्या, शेतीपंपांच्या, आकड्यांच्या अनेक गोष्टी त्यांनी पाहिल्या होत्या. “पण बुडालेल्या दुकानाची उधारी शेजारच्या दुकानाच्या गिऱ्हाइकाकडून रोज मध्यरात्री वसूल करायची,” ते म्हणाले, “हे आम्हाला सुचलं नसतं.”

या कॅपची जन्मकथाही थोडी मजेशीर आहे. २०१३ मध्ये मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड म्हणाले, निवडून आलो तर वीस महिने दर गोठवू. पंतप्रधान कॅमेरन यांनी त्यांना मार्क्सवादी ठरवून मोकळं केलं. चार वर्षांनी कॅमेरन यांच्याच पक्षानं निवडणुकीत दरांवर मर्यादा घालायचं वचन दिलं, २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारनं कायदा केला, आणि १ जानेवारी २०१९ पासून कॅप लागू झाली. पहिला आकडा होता १,१३७ पौंड. मार्क्स लंडनमध्येच, हायगेटला पुरलेला आहे. त्याला कुणी कळवलं की नाही ठाऊक नाही. मिलिबँड आता ऊर्जामंत्री आहेत आणि दर तीन महिन्यांनी आकडा वर गेला की शिव्या तेच खातात.

त्या कायद्याचा हेतू मुळात वेगळाच होता. कंपनी न बदलता वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राहणाऱ्या, बहुतकरून वयस्कर गिऱ्हाइकांना कंपन्या गुपचूप जास्त दर लावत, त्याला चाप बसावा म्हणून ही मर्यादा. अजूनही ती अशा चालू दराच्या गिऱ्हाइकांनाच लागते. तुम्ही वर्षा-दोन वर्षांचा बांधलेला दर घेतलात तर कॅपशी तुमचा संबंध संपला. म्हणजे टीव्हीवर सकाळी सातला जाहीर होणारा तो आकडा कित्येक घरांना लागूच होत नाही. तरी ऐकतात सगळे.

एका ठिकाणी मात्र अण्णा गंभीर झाले. आमच्या गल्लीच्या टोकाला फ्लॅटमध्ये एकटी राहणारी एक म्हातारी आहे. तिच्याकडे प्रीपेमेंट मीटर. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड नेऊन दहा पौंड भरायचे, तेवढे संपले की गॅस बंद. उन्हाळाभर तिनं गॅस लावला नाही, कार्डही भरलं नाही. ऑक्टोबरात थंडी पडली तशी ती दहा पौंड भरून आली, आणि मीटरनं त्यातले बरेचसे आधीच गिळले, उन्हाळाभराच्या न वापरलेल्या दिवसांचे. रोज तीसेक पेन्स, वापर शून्य. कमी वापरणाऱ्याच्या बिलात स्थिर आकाराचा वाटा असा सर्वांत मोठा असतो. पोहण्याचा तलाव तापवणाऱ्या बंगल्यालाही रोजचे ८८ आणि एका खोलीत गोधडी पांघरून बसलेल्या बाईलाही ८८. अण्णांनी तिच्याकडे जाऊन मीटर बघितलं, सील तपासलं, तिनं दिलेलं बिस्कीट खाल्लं आणि घरी येऊन बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

लोकांचीही या आकारावर फार खुन्नस आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ऑफजेमनं स्टँडिंग चार्जबद्दल मतं मागवली तर तीस हजारांवर लोकांनी कळवली. दर, तारा, नियमन असल्या विषयावर तीस हजार माणसं स्वखुशीनं लिहितात, म्हणजे किती पोळलं असेल बघा. मग २०२५ मध्ये ऑफजेमनं तोडगा सुचवला : कंपन्यांनी कमी स्थिर आकाराचा निदान एक पर्याय गिऱ्हाइकापुढं ठेवावा. हे ऐकून मी हरखले. अण्णा हरखले नाहीत.

“आकार कमी केला, मग खांब उभा कशावर राहणार?”

“तेवढे पैसे युनिटच्या दरात घालणार आहेत.”

“हं. म्हणजे डाव्या खिशातून उजव्या खिशात.” पेन्सिल पुन्हा निघाली. थोडं वापरणाऱ्या म्हातारीला हा पर्याय सोयीचा पडेल, पण ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याला रात्रंदिवस यंत्र चालवावं लागतं, त्याचं काय? तो श्रीमंत म्हणून जास्त वापरत नाही. अण्णांनी कागदावर दोन्ही घरं मांडली, मधे रेघ मारली. “दोघांनाही पुरेल असा एक दर नाही निघत. आमच्या वेळी पण निघत नव्हता.”

नोव्हेंबरात नवा आकडा आला. जानेवारीपासून १,७५८. तीन पौंडांची वाढ. वार्ताहर रेडिएटरवर हात ठेवून उभी राहिली. अण्णांनी निकाल ऐकून फक्त “बघू” म्हटलं आणि ड्रॉवरमधून लांब रेघांचं कोरं पान काढलं. आदल्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर साताऱ्याला होतो, घर बंद होतं, तरी त्या महिन्याचा गॅसचा स्थिर आकार पूर्ण लागलेला त्यांना जुन्या बिलांत सापडला होता. बंद घराच्या सवलतीबाबत कंपनीला रीतसर अर्ज करायचा त्यांनी ठरवलं. प्रति, विषय, संदर्भ, “वरील विषयास अनुसरून”, सोबत मीटर नोंदींची सत्यप्रत. इंग्रजी मला करायला लावलं, पण परिच्छेदांचे क्रमांक त्यांचे. मी तो ईमेलनं पाठवला.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, आजची सेवा कशी वाटली ते पाच ताऱ्यांपैकी किती ते दाबून सांगा. अण्णांनी ते दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं, मग फोन उलटा करून मागची बाजूही बघितली.

“आवक क्रमांक कुठं टाकलाय यांनी?”